खळीखालचं पान

मित्रांनो, मी एक जुनी वही आहे. किती जुनी ते माझ्या वासावरून कळतं. मला उघडणारा माणूस आधी शिंकतो, मग वाचतो. अमेरिकेत कनेटिकट राज्यातल्या ॲशकॉट गावाच्या दप्तरात माझा जन्म गेला. माझा कागद चिंध्या कुजवून केलेला, वरचं कातडं वासराचं आणि शाई मायफळाची. गावात कोण जन्मलं, कोण मेलं, कोणाच्या डुकराच्या कानाला मालकीची कसली खाच आहे, हे सगळं कारकून ॲसाहेल थर्लो माझ्यात लिहून ठेवी. डुकरावरून तंटा लागला की मला दिमाखात सभेत नेत. मी सांगेन ते सगळ्यांना मान्य असे. तेव्हा मला स्वतःचा फार अभिमान होता.

मग इंग्रजांच्या राजाविरुद्ध लढाई पेटली. गावातले बडे जमीनदार कॅप्टन जोथम पेल यांच्या मुलाला फौजेचं बोलावणं आलं. मुलाचं नावही जोथमच. बापाने मुलाला घरी ठेवलं आणि त्याच्या बदली आपला गुलाम पाठवला. गुलामाचं नाव क्वामिनो. फौजेच्या यादीत मात्र तो मुलाच्याच नावावर चढला. तीन वर्षं लढून आलास की तू मोकळा, असं वचन कॅप्टनने चारचौघांत दिलं आणि थर्लोने ते माझ्या एकशे बाराव्या पानावर लिहिलं. क्वामिनोला वाचता येत नव्हतं. शाई वाळेपर्यंत तो त्या ओळींकडे बघत उभा राहिला.

तीन वर्षांनी तो परत आला, डाव्या पायाची दोन बोटं थंडीने झडलेली. कॅप्टन म्हणाला, "बाकीचा पाय शाबूत आहे ना? मग नांगराला लाग."

क्वामिनो कारकुनाच्या दारात गेला. "थर्लोसाहेब, एकदा वही उघडा की. तुमच्याच हातचं आहे, मी समोर उभा होतो."

थर्लो कॅप्टनचा जावई. तो खाली मान घालून म्हणाला, "मला तर बाबा काही आठवत नाही."

"तुम्ही नका आठवू. वहीला विचारा."

"वही अशी कोणासाठीही उघडत नसतात. जा, कामाला जा."

मित्रांनो, मी तिथेच होते, त्याच्या हातापासून दोन वितींवर, पेटीत. डुकरांसाठी मला शंभर वेळा उघडलं होतं. त्या माणसासाठी एकदाही उघडलं नाही. तो गुलाम म्हणूनच मेला. मरताना मुलीला एवढंच सांगून गेला, की गावाच्या वहीत आहे.

पुढे शंभर वर्षं उलटली. स्वातंत्र्याच्या शताब्दीला गावाचा इतिहास लिहायचं काम चर्चचे सेवेकरी लेम्युएल फिच यांच्याकडे आलं. माणूस वाईट नव्हता. त्यांनी मला झटकलं, उन्हात ठेवलं, मला बरं वाटलं. त्या काळी तिकडे एक रीत होती: जुन्या वह्या निकामी समजायच्या आणि त्यांच्या पानांवर वर्तमानपत्रातली कात्रणं खळ लावून चिकटवायची. घरोघरी बायका हेच करत. फिचसाहेबांचा लेख छापून आला होता, 'ॲशकॉटमध्ये गुलामगिरी कधी नव्हतीच'. त्यासाठी त्यांनी पान शोधलं. एकशे बारावं काढलं आणि वाचलं. सावकाश, दोनदा वाचलं.

खळीचं भांडं धरून त्यांची बायको थियोडोशा शेजारी उभी होती. "अहो, इथे काहीतरी लिहिलंय की!"

"कुठे काय? शाई उडालीय सगळी. आण ती खळ इकडे."

"मला तर चांगलं दिसतंय."

"तुला चष्मा लागलाय. आण म्हणतो ना!"

गार, ओलसर खळ माझ्या अंगावर पसरली आणि त्यावर ते कात्रण बसलं. त्यानंतर विद्वान येत, माझ्यातलं ते कात्रण उतरून घेत आणि आपल्या पुस्तकात आधार म्हणून देत. दुसरा पहिल्याचा आधार देई, तिसरा दुसऱ्याचा. कात्रणाखाली काय आहे हे कोणी विचारलं नाही.

द्विशताब्दीच्या वर्षी गावाने चौकात सैनिकांचा नवा दगड उभारायचं ठरवलं. तेव्हा हार्टफर्डहून व्हर्लीन पेल आली. शाळेच्या खानावळीत स्वयंपाक करणारी, साठीची बाई. क्वामिनोच्या मुलीच्या वंशातली. आडनाव मात्र मालकाचं, तेच घराण्याला चिकटलेलं. त्या दगडावर क्वामिनोचं नाव यावं एवढंच तिचं मागणं होतं. दगडाचं काम बघणाऱ्या समितीने तिला मिरियम हॅलक यांच्याकडे धाडलं. हॅलकबाई त्या काळाच्या इतिहासातल्या मोठ्या अभ्यासक. फौजेची यादी त्यांच्यापुढेच होती, आणि शेजारी मी.

"यादीत जोथम पेल, धाकटा, एवढंच आहे," त्या म्हणाल्या. "घराण्यात अशा गोष्टी चालत येतात हो, व्हर्लीनताई. पण इतिहासाला कागद लागतो."

"आणि तुमच्या पुस्तकाला काय लागलं? पेपरातलं कात्रण?"

हॅलकबाईंचा चेहरा पडला. फिचसाहेबांचा लेख त्यांनीही आधार म्हणून दिला होता. मला खिडकीशी नेऊन त्यांनी ते पान उजेडासमोर धरलं, तर कात्रणाच्या आडून जुन्या अक्षरांच्या रेघा दिसल्या.

"अगं बाई," त्या पुटपुटल्या. "खाली आहे काहीतरी."

त्यांनी ओला टीपकागद ठेवून दिवसभर एकेक बोट कात्रण सोडवलं. व्हर्लीन हातात हात घट्ट धरून बसली होती. माझाही जीव टांगणीला लागला होता. संध्याकाळी पान मोकळं झालं. पण मित्रांनो, खळ गव्हाची, आणि गहू म्हटला की कसर आलीच. शंभर वर्षं ती माझ्यात चरत होती. हॅलकबाईंनी मोठ्याने वाचलं, "'कॅप्टन पेल यांचा गुलाम... मुलाच्या बदली... तीन वर्षं... मोकळा.'" मध्ये एक भोक होतं. नाव होतं तिथेच.

"नाव कुठाय?" व्हर्लीनने विचारलं.

"खाल्लंय."

"मी सांगते ना, क्वामिनो!"

"मला पटतंय हो. समितीला पटणार नाही."

तसंच झालं. चार जुलैला, त्यांच्या स्वातंत्र्यदिनी, बँड वाजला, दगडावरचं कापड ओढलं आणि तिथे जोथम पेल, धाकटा, हे नाव ठळक कोरलेलं होतं. तो लढाईच्या काळात घरीच होता. हॅलकबाईंनी पुस्तकाच्या नव्या आवृत्तीत आपली चूक कबूल केली आणि तळटीप घातली: एक अनामिक गुलाम. व्हर्लीनने ती वाचली. "दोनशे वर्षांनी तळटीप, आणि तीही बिननावाची," एवढं म्हणून ती घरी गेली, पुन्हा आली नाही.

आता मी हवाबंद खोलीत मऊ कागदात गुंडाळलेली असते. हातमोजे घातल्याशिवाय मला कोणी शिवत नाही. एवढी काळजी आता घेतात, याचा मला राग येतो. मित्रांनो, माझ्यासारखं काही तुमच्या हाती आलं, तर झाडून पुसून कपाटात ठेवू नका. उघडा, आणि जो दारात उभा राहून विनवतोय त्याच्यादेखत वाचा. उशिरा वाचलेल्याचा त्याला काही उपयोग नसतो. त्या भोकात काय लिहिलं होतं ते मला माहीत आहे, पण वहीची साक्ष कागदावर असेल तेवढीच धरतात. म्हणून तुम्हाला सांगून ठेवते. त्याचं नाव क्वामिनो होतं.