लिंबू, फिल्टर आणि माझा कोंडलेला जीव

मी पिकअप बोलतेय, मुळशीतल्या रिहे गावच्या रंभाबाईंची. जरा लांबच उभे राहा. मी धूर सोडते, पण थापा सोडत नाही.

जन्म कारखान्यातला, त्यात सांगण्यासारखं काही नाही. खरा जन्म रिह्यात झाला. रंभाबाईंनी माझ्या कपाळाला कुंकू लावलं, चाकाखाली लिंबू ठेवलं आणि लेकाला, दिग्विजयला, चावी देताना बजावलं, "हिला गाडी म्हणू नको. थोरली लेक हाय माझी." तेव्हापासून भाताची पोती वाहिली, शेणखत वाहिलं, जत्रेला अख्खी आळी पाठीवर घेऊन नाचले. स्प्रिंगचे पाटे बसले, पण तोरा बसला नाही.

गेल्या पावसाळ्यात माझ्या डिझेलच्या टाकीचं झाकण सैल झालं. मुळशीचाच पाऊस तो, फट दिसली की घुसणारच. पाणी मिसळलेलं डिझेल पिऊन मी खोकत बसले. नवं झाकण कशाला, म्हणत रंभाबाईंनी दुधाची रिकामी पिशवी धुतली, टाकीच्या तोंडावर ताणून बसवली, वरून झाकण दाबलं आणि सुतळीनं करकचून आवळलं. पाणी शिरायचं थांबलं. हवाही.

आता मी डिझेल पिणार, तर टाकीत तेवढी हवा यायला नको? घोटावड्यापर्यंत मी हरणासारखी पळायची. पुढं चढ लागला की घशाला कोरड, मग आचके, मग ठप्प.

मग उपचारांची जत्राच भरली. दिग्विजय डिझेल भरल्याच्या थापा मारतो, म्हणून मी बंद पडले की रंभाबाई आधी झाकण उघडून टाकीत काठी घालून बघायच्या. तेवढ्यात मला हवा मिळायची. मग त्या माझ्यावरून लिंबू उतरवायच्या, चावी फिरायची, मी सुरू. श्रेय लिंबाला. पुढच्या वेळी वाल्मीक मेस्त्रीनं डिझेलचा फिल्टर बदलला, हातपंप दाबदाबून नळीतले बुडबुडे काढले. मी सुरू. श्रेय मेस्त्रीला. एकदा तर शेजारच्या भिकूनं नुसती लाथ घातली. मी सुरू. तेव्हापासून तो गावात डॉक्टरसारखा फिरतोय. आणि दर वेळी पिशवी पुन्हा जागच्या जागी, सुतळी आणखी घट्ट.

शेवटी दिग्विजय वैतागला. त्याच्या बायकोला, कल्पनाला, लवळ्याच्या एका होस्टेलला जेवण पोचवायचं काम मिळालं होतं. पहिल्याच दिवशी तो म्हणाला, "आज बंद पडली तर सांजच्याला भंगारात घालणार." रंभाबाईंनी माझं बॉनेट थोपटलं आणि त्या कल्पनासोबत आत चढल्या. मला मूठ नाही, तरी जीव मुठीत धरून निघाले.

लवळ्याच्या चढावर तेच झालं. पातेल्यातली आमटी डचमळली आणि शांत झाली. दिग्विजयनं खिशातून फोन काढून भंगारवाल्याला लावला. रंभाबाई काठी घेऊन टाकीशी गेल्या. सुतळी सोडली, पण झाकण हलेना. दोन्ही हातांनी ओढलं, तेव्हा फुस्सकन हवा आत शिरली. असा मोकळा श्वास मी जन्मात घेतला नव्हता. पिशवी टाकीत जिभेसारखी ओढली गेली होती. कल्पनानं ती उचलून सासूपुढं धरली.

"आत्या, तेलाच्या डब्याला आपण दोन भोकं का पाडतो?"

"एकानं तेल पडत न्हाई म्हणून."

"मग हिचं दुसरं कुटं हाय?"

रंभाबाईंनी पिशवी हातात घेतली. मला वाटलं, आता माझी माफी मागतात. छे. पदर खोचून म्हणाल्या, "मीच बांधली व्हती, मीच सोडली. मेस्त्रीला तरी जमलं का? बसा आता, पोरं उपाशी हायेत."

चावी फिरली आणि मी अशी सुटले की मागं पातेल्यांच्या झाकण्या टाळ्या पिटायला लागल्या. दिग्विजय फोनवर सांगत होता, "न्हाई ओ, चुकून लागला."

आता मला नवं झाकण आहे, हवेला बारीक वाट असलेलं. लवळ्याची पोरं माझा भोंगा ओळखतात, ताटं वाजवत पळत येतात. बंपरला बांधलेलं लिंबू अजून लटकतंय. रंभाबाई म्हणतात, त्याचाबी हात होता. असेल बाई.

तुम्हाला एकच सांगणं आहे. लाड करा, कुंकू लावा, वाटलं तर भिकूसारखी लाथही घाला. पण मायेच्या भरात कुणाचं तोंड इतकं घट्ट आवळू नका, की त्याला गुदमरतंय हेही सांगता येऊ नये. आता सरका बाजूला. आमटी गार होतेय.