मायाक्काचे तीन अंक

सोलापुरात त्या काळी बाजाराच्या दिवशी मेंढरांचे कळप नाक्यावर अडवून मोजत आणि कारकून आकडा खडूनं पत्र्यावर लिही. समोर लिंबाच्या सावलीत धनगर मूठभर शेंगांची पैज लावत: येणाऱ्या आकड्यातला पहिला अंक कोणता? मायाक्काचा नवरा सिदू एक, दोन, तीन एवढेच घेई. उरलेले सहा अंक दुसऱ्यांना देई, आणि तरी बहुतेक वेळा तोच जिंके.

"सहा-सहा घेऊन हरताय, लाज वाटती का?" म्हणून वर चिडवायचा.

मग तीस सालच्या उन्हाळ्यात मेंढरांना देवी आल्या. पैज लावणाऱ्यांतल्या श्रीमंत नावाच्या धनगराचा कळप निम्मा झाला. आपली मेंढरं परक्यानं मोजलेली धनगराला मुळातच खपत नाहीत. सिदू तर मोजायच्या आधीच अंक सांगत होता.

"ह्यो एक म्हणतो, म्हणून आपलं एकेक उरतंय," श्रीमंत म्हणू लागला. करणीच्या अशाच संशयावरून आदल्या वर्षी एका घराला माळावर हाकललं होतं. ती माणसं पुन्हा कुणाला दिसली नाहीत. मायाक्काला अन्न गोड लागेना.

सिदूनं वडीलधाऱ्या रेवणसिद्धमामांना समजावलं. "मामा, शंभराची दोनशे व्हायला कळप दुप्पट व्हावा लागतो. आठशेची नवशे एका वेतात व्हत्यात. म्हणून कळप लई दिस एकावरच ऱ्हातो. ह्यात करणी कसली?"

मामा ऐकून घेऊन म्हणाले, "मग आज तू चार ते नऊ घे. हरलास तर सुटलास."

पण एक, दोन, तीन घ्यायला कुणी धजेना. "त्याच्या घरचंच माणूस बसू दे की," श्रीमंत म्हणाला.

मायाक्का बसली. नवरा हरावा म्हणून मनातल्या मनात बिरोबाला आळवत राहिली.

पत्र्यावर १६३ आले. मग २१०. मग १२८. ओटीत शेंगा पडत गेल्या तशी ती हसायला लागली. चौथ्या कळपालाही एकच आला, तेव्हा शेजारच्या केराबाईनं मांडीवरचं नातवंड पदराखाली ओढलं.

"म्हंजी करणी सिदूत न्हाय तर," मामा हळू आवाजात म्हणाले.

सिदू उठला. "मामा, मी सांगितलं की, शंभराची दोनशे..."

"तू सुटलास. आता गप बस."

रस्त्यावर पुन्हा धूळ दिसली. मायाक्कानं आता हरावं म्हणून चार मागितला, सात मागितला, नऊ मागितला. पण मामांनी तिला एक, दोन, तीनवरच ठेवलं. कारकुनानं मेंढरं मोजली, पत्रा पुसला आणि लिहिलं: १७४.

शेंगा द्यायला कुणी पुढं आलं नाही. एकेक माणूस सावलीतून उठलं आणि पलीकडं उन्हात जाऊन उभं राहिलं.