पुसता न येणारी ओळ

पार्लरवालीच्या पोटात उजवीकडे, बरगडीच्या खाली, आठवडाभर कुणीतरी मूठ आवळून बसलं होतं. खाल्लं की मूठ घट्ट व्हायची आणि कळ थेट पाठीत जायची. एका दवाखान्याने झोपेच्या गोळ्यांवर तिची बोळवण केली, दुसऱ्याने "मन रमवा" असा फुकटचा सल्ला दिला. दोन्हीकडच्या डॉक्टरांनी आधी स्क्रीन पाहिली, मग ते तिच्याकडे बघून समजूतदारपणे हसले. ते हसू तिला कळेपेक्षा जास्त झोंबलं.

त्या हसण्याचं मूळ एका ओळीत होतं. नवरा गेला त्या वर्षी तिच्या छातीत धडधडायचं, म्हणून ती एका डॉक्टरकडे गेली होती. त्या महाशयांनी मान वर न करता लिहून टाकलं, 'लक्षणे वाढवून सांगते.' पूर्वी असला शेरा त्याच्याच कपाटात कुजला असता आणि ती दुसरीकडे कोऱ्या पाटीने गेली असती. पण आता सगळे दवाखाने ब्लॉकचेनवर, म्हणजे साऱ्यांच्या एका सामायिक डिजिटल वहीवर, आले होते. एकाने लिहिलं की साऱ्यांकडे त्याची पक्की नोंद, आणि गुपचूप फेरफार करायची सोय कुणालाच नाही. चांगलीच गोष्ट होती ती, पण पार्लरवाली दारात पोचायच्या आधी तिची बदनामी आत जाऊन खुर्चीत बसलेली असायची.

तिसऱ्या दवाखान्यात ती धाकट्या नणंदेला सोबत घेऊन गेली. नणंद अगदी गरीब गाय, रिक्षावाल्याशीसुद्धा दबकत बोलणारी.

"ही एक ओळ तेवढी काढून टाका," पार्लरवालीने काउंटरवरच्या बाईंना सांगितलं.

"पुसता येत नाही हो. डॉक्टरांची सही असते त्यावर. खाली नवीन नोंद जोडता येते फक्त."

"ती कोण जोडणार?"

"डॉक्टरच."

"वा! म्हणजे चोरीची फिर्याद चोरानेच लिहायची!" असं म्हणून तिने मोबाइलवर अंगठा टेकवला. तो टेकवून फाइल उघडून दिल्याशिवाय आत सोडत नव्हते.

आत डॉक्टरीणबाईंनी स्क्रीन वाचली आणि त्यांच्या चेहऱ्यावर तेच ओळखीचं हसू आलं.

"टेन्शन फार घेता का?"

"घेते. पण ते इथे दुखत नाही." तिने बरगडीखाली बोट ठेवलं.

"गोळ्या लिहून देते. पंधरा दिवसांनी या."

नणंद उठलीसुद्धा. "चल ना वहिनी."

पार्लरवाली हलली नाही. डोक्याला हात लावल्याशिवाय तिला कुणाचे केस कापता येत नव्हते, आणि या बाई लांबूनच पोट ओळखत होत्या.

"मग लिहा," ती म्हणाली.

"काय लिहू?"

"पोटाला हात लावला नाही, असं लिहा. आणि खाली सही करा."

"असं कुणी लिहितं का?"

"का? खोटं आहे? त्या डॉक्टरची ओळ मी इतकी वर्षं अंगावर वागवतेय. उद्या मला काही झालं, तर ही ओळ तुम्ही वागवा. कुणाच्या बापाला पुसता येणार नाही."

नणंदेने डोळे गच्च मिटून घेतले. डॉक्टरीणबाईंचा चेहरा लालबुंद झाला. "झोपा त्या टेबलावर," त्या तुटकपणे म्हणाल्या.

बोटं बरगडीखाली गेली. "श्वास घ्या." पार्लरवालीचा श्वास अर्ध्यावरच अडकला आणि तिने अशी किंकाळी फोडली की बाहेरची रांग उभी राहिली. डॉक्टरीणबाईंनी पुन्हा हात ठेवला, या वेळी जपून. हसू कुठल्या कुठे पळालं होतं. लगेच सोनोग्राफी झाली. पित्ताशयात खडे होते आणि ते सुजून टम्म झालं होतं.

"आजच मोठ्या हॉस्पिटलात भरती व्हा. सर्जनशी मी बोलते. तुमची फाइल त्यांना उघडून द्यायची आहे, अंगठा द्या."

पार्लरवालीने अंगठा मुठीत लपवला.

"आधी लिहा."

"अहो, निदान लिहिलंय की!"

"ते खड्यांचं झालं. माझं लिहा. नाहीतर तो सर्जनही जुनी ओळ वाचून हसेल. ऑपरेशननंतर मी दुखतंय म्हटलं, तर ऐकणार कोण?"

"वहिनी, पाया पडते तुझ्या, दे अंगठा!" नणंद रडायला लागली. "जिवाशी खेळ आहे हा."

"जिवासाठीच चाललंय गं."

तेवढ्यात पुन्हा कळ आली. तिला दरदरून घाम फुटला, टेबलाची कड धरून ती वाकली. खरं तर ती आतून पार भेदरली होती. पण मूठ उघडली नाही.

डॉक्टरीणबाईंनी खुर्ची पुढे ओढली. टाइप केलं, पुसलं, परत टाइप केलं. सही होईपर्यंत तेवढी मुभा होती. मग स्क्रीन तिच्याकडे वळवली.

'रुग्णाने सांगितलेली वेदना खरी आहे. आधीचा शेरा चुकीचा होता. तो वाचून मीही तपासणी टाळली.'

शेवटचं वाक्य तिने मागितलं नव्हतं. तिच्या डोळ्यांना धार लागली.

"सही?" तिने नाक ओढत विचारलं.

डॉक्टरीणबाईंनी सही केली. मग पार्लरवालीने मूठ उघडली.

मोठ्या हॉस्पिटलात सर्जन हातातल्या टॅबवर बराच वेळ वाचत उभा राहिला. तो हसला नाही. टॅब बाजूला ठेवून तो जवळ आला आणि म्हणाला, "कुठे दुखतंय? सांगा."

पार्लरवालीने एकदा नणंदेकडे पाहिलं, आणि पहिल्या कळेपासून पाढा वाचायला सुरुवात केली, एक शब्दही कमी न करता.