हॉलिस टीगच्या मापाची

मी खुर्ची नाही, मित्रांनो. हे आधीच सांगितलेले बरे, कारण हल्ली येणारे-जाणारे मला खुर्चीच समजतात आणि माझ्या पाठीवर ओले टॉवेल वाळत घालतात. मी शर्यतीच्या मोटारीतली सीट आहे. ॲल्युमिनियमची आहे, जुनी आहे आणि उजव्या अंगाला जरा जास्तच झिजलेली आहे. हॉलिस टीग नावाच्या शर्यतपटूने उमेदीची सगळी वर्षे माझ्यात बसून घालवली. त्याच्या मोटारी कितीतरी आल्या, आदळल्या आणि भंगारात गेल्या. प्रत्येक वेळी मला मात्र खोलून पुढच्या मोटारीत बसवले गेले.

माझा जन्म उत्तर कॅरोलिनातल्या कोव्ह क्रीक गावचा. तिथे चर्चच्या मागे लोवेल प्रूइटची पत्र्याची शेड होती. वाळूच्या पिशवीवर पत्रा ठेवून तो लाकडी हातोडीने ठोकायचा आणि सीटला आकार द्यायचा. आमच्यात तयार सीट बाजारातून आणत नाहीत, शर्टासारखी माप घेऊन शिवतात म्हणा ना. माप द्यायला हॉलिस आला तेव्हा कोवळा पोरगा होता. चारचौघांत बसायचे म्हणून त्याने पोट आत ओढून धरले होते.

"सोड ते पोट," लोवेल म्हणाला. "शर्यतीत तीन तास कोण पोट धरून बसतं? तू जसा आहेस तशी सीट होईल. तू जसा दाखवतोस तशी केली तर पहिल्या वळणालाच बोंबलशील."

हॉलिसने पोट सोडले आणि माझे माप ठरले.

या शर्यतीत गोल मैदानावर फक्त डावीकडे वळायचे असते. मोटार डावीकडे वळली की आतला माणूस उजवीकडे फेकला जातो. त्याला धरून ठेवणे हे माझे काम. लोवेलने माझी उजवी बाजू उंच केली ती त्यासाठीच. पण मी आणखीही एक काम करत असे. मागचे चाक जरासे सरकले की ते सगळ्यात आधी मला कळे आणि माझ्यातून हॉलिसच्या बुडाला. हसू नका. मोठमोठे शर्यतपटू डोळ्यांइतकेच बुडानेही मोटार चालवतात, फक्त मुलाखतीत तसे सांगत नाहीत.

सुरुवातीची वर्षे आम्ही लाल मातीच्या छोट्या मैदानांवर काढली. काय दिवस होते ते! रविवारी चर्चमधून थेट मैदानावर यायचे. पाद्रीबाबा कर्ण्यावरून प्रार्थना म्हणायचे, की मग चाळीस इंजिने एकदम बोलू लागायची. हॉलिसचा मामा, बर्ल, हा त्याचा मेकॅनिक. मोटारी त्याच्याच गॅरेजमध्ये तयार व्हायच्या. शर्यत सुरू झाली की तो प्रेक्षकांच्या वरच्या कठड्यावर उभा राही आणि हॉलिसच्या कानातल्या रेडिओवर त्याला मागचे-पुढचे सांगे. खरे तर सांगण्यापेक्षा शिव्याच जास्त देई. मोटार छान पळू लागली की हॉलिस आत बेसूर भजने गाई. आम्ही पुष्कळ जिंकलो. लाल धूळ माझ्या शिवणींत इतकी बसली की ती अजून निघालेली नाही.

मग एका बड्या संघाने हॉलिसला बोलावले. बड्या शर्यतींत उतरणे हे त्याचे लहानपणापासूनचे स्वप्न. तिथे एकदा तरी जिंकायचे, एवढेच त्याचे मागणे होते. त्या संघाकडे त्यांची स्वतःची नवी सीट होती. खोटे कशाला बोलू, ती माझ्याहून भक्कम होती. हॉलिसने मला बर्लच्या गॅरेजातल्या खिळ्याला अडकवले, दोनदा थोपटले आणि तो गेला.

मला वाईट वाटले. खूप वाटले. पुढे तो खिळा कुणाला तरी रेडिएटर टांगायला हवा होता म्हणून मी खाली जमिनीवर आले. माझ्यावर तेलाचे डबे आले, फाटके पट्टे आले. एका तांबड्या कोंबडीने तेवढी माझी किंमत ओळखली. ती रोज येऊन माझ्यात अंडे घालायची आणि बर्लला ते नाश्त्याला मिळत असल्यामुळे तो तिला हाकलत नसे. हॉलिसपेक्षा ती वजनाने बरीच हलकी होती, पण बसायची मनापासून.

दोन वर्षांनी हॉलिस परत आला. त्याला एकही शर्यत जिंकता आली नव्हती आणि संघाने त्याला फोनवरूनच निरोप दिला होता. त्याने कोंबडीला हलकेच उचलून बाजूला ठेवले आणि तो माझ्यात बसला. त्याचा थोडा घेर वाढला होता, तरी बसला बरोबर.

"मामा, त्यांच्या सीटवर बसून मला मोटार कधी कळलीच नाही," तो म्हणाला. "सीट चांगली होती. मीच हिच्यात वाढलोय, त्याला काय करणार?"

बर्लकडे एक जुनी मोटार होती. पायनी ग्रोव्हच्या मैदानावर त्या वर्षीची बडी शर्यत होणार होती. तिथे उतरायचे आणि जिंकायचे. जिंकलो तर पुढच्या वर्षी कोणीतरी पैसे लावून उभे करील. नाही जिंकलो तर हॉलिस लाकडाच्या कारखान्यात कामाला लागणार आणि बर्ल गॅरेजला कुलूप लावणार, असे त्यांचे ठरले. अडचण टायरांची होती. अशा शर्यतीला ढीगभर टायर लागतात आणि हरलेल्या माणसाच्या मोटारीवर आपले नाव रंगवायला कोणी दुकानदार पैसे देत नाही.

एक बाई तयार झाली. आयडेला स्वेम. हमरस्त्यावर तिची उकडलेल्या भुईमुगाच्या शेंगांची टपरी होती. तिची अट एवढीच, की मोटारीच्या बॉनेटवर भली मोठी शेंग काढायची आणि खाली तिचे नाव हिरव्या रंगात लिहायचे.

बर्ल मटकन खाली बसला. कारण आमच्या या धंद्यात भुईमुगाची शेंग म्हणजे साक्षात अपशकुन. मोटारीजवळ शेंगेचे टरफल दिसले तर लोक झाडून घेतात आणि पुन्हा झाडतात. हिरव्या रंगाचेही तेच. बर्लने तर एकदा सख्ख्या मेव्हण्याला खिशात शेंगा सापडल्या म्हणून भर शर्यतीतून घरी पिटाळले होते.

"त्यापेक्षा शवपेटीच रंगवून आण ना," तो आयडेलाला म्हणाला.

"बर्ल, माझ्या शेंगा खाऊन आजवर कोणी मेलं नाही," ती म्हणाली. "तुझ्या हातचं जेवलेल्या माणसाबद्दल मी एवढ्या खात्रीने बोलणार नाही."

बर्लने हॉलिसकडे पाहिले. हॉलिस माझ्यातून उठलाही नाही. "मामा, शेंगा नव्हत्या तेव्हा दोन वर्षं हरलोच की मी," तो म्हणाला. मोटार रंगली.

शर्यतीच्या दिवशी आमच्या आजूबाजूचे लोक आपापली हत्यारे उचलून लांब सरकले. कोणी जॅक उसना देईना, कोणी मागायलाही येईना. बर्ल बॉनेटकडे न बघता बॉनेटखाली काम करत होता, आणि ते कसे करतात ते त्याचे त्यालाच ठाऊक. हॉलिस माझ्यात बसला तेव्हा त्याच्या मांड्या दगडासारख्या घट्ट झाल्या होत्या. मला पुढचे फारसे दिसत नाही, हॉलिसची पाठच आडवी येते. पण त्याचे मन मला तिच्यातूनच कळते. तो घाबरलेला होता.

आम्ही पार मागून सुटलो. पायनी ग्रोव्हसारख्या छोट्या मैदानावर मोटारी एकमेकींना घासतात, ढुशा देतात. कोणी त्याचे वाईट मानत नाही. त्या दिवशी मात्र मला एकही धक्का बसला नाही. मला वाटले, आपण एकटेच पळतो आहोत की काय. मग रेडिओवर बर्लचा आवाज आला, आणि तो शिव्या देत नव्हता.

"हॉलिस, अरे, बाजूला होतायत सगळे. तुला शिवायला नको म्हणून वाट देतायत."

हॉलिसच्या मांड्या सैल पडल्या. थोड्या वेळाने तो गाऊ लागला. तेच जुने भजन, तसेच बेसूर. आम्ही एकेकाला मागे टाकत पुढे सरकत होतो आणि लोक आम्हांला महारोग झाल्यासारखे अंग चोरत होते. शेवटच्या काही फेऱ्या उरल्या तेव्हा पुढे एकच मोटार होती. ती होती गार्लंड मॅब्रीची.

गार्लंड हा तिथला अजिंक्यवीर. आतली वाट तो कोणालाही देत नसे. फेरीमागून फेरी हॉलिस आत घुसू पाही आणि गार्लंड दार लावून घेई. शेवटच्या फेरीत हॉलिसने मोटार त्याच्या बंपरपासून वीतभर अंतरावर नेली.

"आरशात बघतोय तो," बर्ल कुजबुजला. "शेंग दिसतेय त्याला. बघ, बघ, सरकतोय वर."

गार्लंडने त्या क्षणी असे काही केले, जे दुसऱ्या कोणत्याही मुलखातल्या माणसाने केले नसते. शेंगेचा स्पर्श टाळायला तो हातभर वर, म्हणजे बाहेरच्या कडेला, सरकला. आतली वाट उघडी पडली. पण तिथे झिजलेल्या टायरांच्या रबराचा चुरा साचला होता आणि चाक तिथे साबणावरून घसरावे तसे घसरते. आम्ही आत शिरलो आणि माझ्या डाव्या कोपऱ्याखाली मागचे चाक सरकू लागले. मी ते हॉलिसला सांगितले. कसे सांगितले म्हणाल, तर नेहमीसारखेच. त्याने पाय तसूभर उचलला, पुन्हा दाबला. त्याचे सगळे वजन माझ्या उजव्या बाजूवर आले, आणि मित्रांनो, मी त्याला धरले.

आम्ही अर्ध्या मोटारीच्या अंतराने जिंकलो.

जिंकणाऱ्याने खिडकीतून बाहेर यायचे, मोटारीच्या टपावर चढायचे आणि हात उंचावायचे अशी रीत आहे. हॉलिस बाहेर आलाच नाही. गार्लंडने येऊन खिडकीची जाळी काढली आणि तो आत वाकला. "मी तुला नाही सोडलं, त्या शेंगेला सोडलं," असे म्हणून त्याने हॉलिसचा हात दाबला. आयडेला बाहेर दिसेल त्याला शेंगा वाटत होती. मग बर्ल धापा टाकत पोचला.

"उतर की रे आता. सगळे खोळंबलेत."

"जरा बसू दे, मामा," हॉलिस म्हणाला. तो रडत होता आणि हसतही होता, आणि ते दोन्ही माझ्या अंगाला कळत होते. बर्लने मग कोणालाही जवळ येऊ दिले नाही.

पुढे आणखी काही वर्षे आम्ही शेंग मिरवली. मग नियम बदलले, माझ्यासारख्या सीटा बाद झाल्या आणि हॉलिसही थांबला. आता त्याच्या घराच्या ओसरीत दोन फळ्यांवर ठोकलेली मी असते. हॉलिस म्हातारा झाला आहे, पार वाळला आहे. रविवारी तो माझ्यात बसून रेडिओवर शर्यत ऐकतो तेव्हा दोन्ही बाजूंना उशा लावाव्या लागतात. वळण आले की तो अजून उजवीकडे कलतो.

परवा त्याचा जावई म्हणाला, ही सीट ठोकून सरळ करू, पॉलिश करू, नव्यासारखी दिसेल. त्याचा हेतू चांगला आहे. म्हणूनच तुम्हांला विनवते, मित्रांनो, त्याला कोणीतरी समजवा. मला पुसा, पावसात ठेवू नका, तेवढी काळजी मला पुष्कळ झाली. पण हातोडी लावू नका. पायनी ग्रोव्हला जिंकल्यावर जो माणूस उठायला तयार नव्हता, त्याच्या खांद्यांचा आणि पोटाचा आकार आता खुद्द हॉलिसकडेही उरलेला नाही. तो फक्त माझ्याजवळ आहे.