सोडू का नोकरी?

"सोडू का गं मग?" अभिमनने पाटावर बसल्या बसल्या विचारलं.

पुष्पाने तव्यावरची भाकरी अशी उलटली, की तिचा काठच मोडला. वर्षभर हा एकच प्रश्न तिच्या घरात मुक्काम ठोकून होता.

"मला विचारू नका. गरम आहे तोवर खाऊन घ्या."

अभिमन भुसावळजवळच्या वीजकेंद्रात ऑपरेटर होता. नोकरी कायम, कॉलनीत दोन खोल्यांचं क्वार्टर. पुढच्या खोलीत पुष्पा मुलींना शिवण शिकवायची. सगळं सुरळीत चाललं होतं. मग कोळसा वाहणाऱ्या पट्ट्यावर काम करणाऱ्या लोटनवर ड्यूटीत झोपल्याचा आरोप आला आणि खात्याच्या चौकशीत त्याच्या बाजूने बोलायला अभिमन उभा राहिला. त्याने आरोप करणाऱ्या सुपरवायझरला शांतपणे विचारलं, "लोटनला झोपलेलं पाहिलंत तेव्हा तुम्ही स्वतः कुठे होतात?" सुपरवायझर आधी 'ऑफिसात' म्हणाला, मग 'पट्ट्याजवळ', आणि शेवटी म्हणाला, "मला दुसऱ्याने सांगितलं." लोटन सुटला. चौकशी अधिकारी जाता जाता म्हणाले, "तुम्ही वकील व्हायला हवं होतं, पाटील."

झालं! तेवढं वाक्य अभिमनच्या डोक्यात शिरलं ते शिरलंच. बी.एस्सी. होताच तो. जळगावच्या लॉ कॉलेजात जाऊन चौकशी करून आला. पण कॉलेज सकाळचं आणि ड्यूटी तीन पाळ्यांची. पाळी बांधून मागितली, तर साहेबांनी साफ नकार दिला. म्हणजे एक तर नोकरी, नाही तर वकिली.

सुरुवातीला पुष्पाने मनापासून सल्ला दिला होता. "सोडा," म्हणाली, तर त्याने क्वार्टर जाईल, पोरीची शाळा बदलेल, असं सगळं तिलाच ऐकवलं. "नका सोडू," म्हणाली, तर दोन दिवस तोंड पाडून बसला. तेव्हापासून तिने तोंड मिटलं. मग त्याने कॉलनी गाठली. शेजारचे तोतारामभाऊ म्हणाले, "वेड लागलं का तुला?" हा हिरमुसला. युनियनवाले म्हणाले, "बेधडक सोड," तर हा घाबरला. केस कापायला गेला तर तिथेही मान खाली घालून तेच विचारून आला.

शेवटी एका रविवारी दोघं भडगावला गेली. अभिमनचे वडील, झुलालनाना, ओट्यावर दोर वळत बसले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मान वर न करता म्हणाले, "बठ्ठा गावले इचारी उना, आते माले इचारस? तुले जे करनं शे ते कर."

अख्ख्या गावाला विचारून शेवटी बापाकडे आल्याचा हा टोमणा अभिमनला कळलाच नाही. परतीच्या एस.टी.त तो म्हणाला, "म्हणजे नानांचा होकारच समजायचा का?" पुष्पाने कपाळावर हात मारून घेतला.

प्रवेशाच्या शेवटच्या दिवशी ती त्याच्याबरोबर जळगावला गेली. एकटा गेला असता तर आवारात फिरून परत आला असता, याची तिला खात्री होती. आणि ती बरोबर असूनही तसंच होऊ लागलं. खिडकीशी रांग होती. अभिमन रांगेत न लागता तिथल्या शिपायाला विचारत होता, "काय हो भाऊ, चाळिशीकडे झुकलेल्या माणसाने यात पडावं का?"

पुष्पाने त्याची बाही धरून त्याला झाडाखाली ओढलं.

"बास झालं! सुपरवायझरला प्रश्न विचारताना कुणाचा सल्ला घेतला होतात? तुम्हाला सल्ला नकोच आहे. कुणीतरी 'सोड' म्हणायला हवंय, म्हणजे उद्या फसलं तर त्याच्या माथी मारता येईल. मी ते म्हणणार नाही. नोकरी ठेवलीत तरी मी राहीन, सोडलीत तरी राहीन. शिवण कुठेही शिकवता येतं. पण हा प्रश्न मला आता ऐकायचा नाही!"

रांगेतली पोरं वळून बघायला लागली. अभिमन लाल झाला. मग शर्ट सारखा केला आणि रांगेत जाऊन उभा राहिला. त्याची पाळी आली तेव्हा कारकुनाने विचारलं, "नोकरी करता का?"

"सोडतोय," अभिमन म्हणाला.

इतके दिवस मनात 'काय ते एकदाचं ठरवा' म्हणणाऱ्या पुष्पालाच आता थोडं थांबा म्हणावंसं वाटलं. स्वतःचाच राग आला तिला.

राजीनामा गेला, तशी दोन्ही घरांत एकच बोंब उठली, की पुष्पाने त्याला सोडायला लावली. तिची आई आठ दिवस बोलली नाही. जळगावच्या भाड्याच्या खोलीत सामान उतरवत होते त्याच दिवशी नाना भडगावहून थेट दारात येऊन उभे राहिले. त्यांनी पाणीसुद्धा घेतलं नाही.

"सूनबाई, तूच याले नोकरी सोडाले लाई ना?"

पुष्पाने हातातला डबा खाली आपटला. वर्षभर गप्प बसून हे फळ! ती उसळून काही बोलणार, तोच अभिमन मध्ये आला.

"नाना, तिने काही सांगितलं नाही. तिने तर सांगायलाच नकार दिला. मी सोडली. फसलं तरी माझंच फसेल."

नानांनी चपला काढल्या आणि आत येऊन खाटेवर टेकले. पुष्पाने पदराने तोंड पुसलं. डोळ्यांत पाणी आलं होतं, पण चीड अजून पुरती उतरली नव्हती.

"भाषण छान झालं," ती म्हणाली. "आता ते शिलाई मशीन आत घ्या. उंबऱ्यात पाय अडकतोय सगळ्यांचा."