डाव्या हातावर देवी, उजव्या हातावर मोर

सोस व माय सोस, सुई जाई सरीसन,
हिरवं तुन्हं लेणं ऱ्हाई हाडले धरीसन.

आईचा हा आवाज तुळशीबाईच्या कानात कधीचा मुरला होता. आई गोंदायला बसली की समोरच्या पोरीचा हात मांडीवर घ्यायची आणि सुईच्या ठेक्यावर गायची. सुई पुढे पळायची, गाणं मागून फुंकर घालत यायचं. आई गेली. सुया आणि गाणं लेकीकडे आलं. दरसाल होळीच्या आधी तळोद्याला भोंगऱ्याचा बाजार भरे, तेव्हा तुळशीबाई पाटलाच्या ओट्यासमोरच्या लिंबाखाली घोंगडी पसरी आणि काजळात पाल्याचा रस खली.

डोंगर त्या दिवशी खाली उतरायचा. ढोल उतरायचे, पावे उतरायचे, चांदीने लदलेल्या बाया एकामागे एक अशा पायवाट वळावी तशा वळत यायच्या. गोंदून घ्यायचं ते भोंगऱ्यालाच, आणि एकटीने नाही. एकीने हात द्यायचा, सोबतिणीने दुसरा हात धरायचा, आणि रडू आलं तर दोघींनी मिळून हसायचं.

मंगळीबाई तर ठरलेली. तोरणमाळच्या वाटेवरचा तिचा पाडा. येताना तुळशीबाईसाठी पदरात चारोळी आणायची. औंदाही कडेवर नातू होता, जेठ्या. डोळे टपोरे, नाक वाहतं, हातात खारकेचा तुकडा.

तुळशीबाईची नजर त्याच्या कोऱ्या दंडावर गेली, देवी टोचल्याची खूण नव्हती. तापीकाठच्या गावांत देवीची साथ आली होती. सपाटीवरच्या लेकरांना टोचून झालं होतं. डोंगरातलं एकही नव्हतं. आणि देवी टोचणारा लोटन समोरच तर बसला होता, पाटलाच्या उंच ओट्यावर, टेबलखुर्ची मांडून. काचेच्या बारीक नळ्यांत लस, नळ्यांना ओलं फडकं, फडकं मडक्यात.

"मंगळी, याले टोची लय ना. तो देख, समोरच शे."

मंगळीबाईने ओट्याकडे पाहिलं, मग जेठ्याचं नाक पुसलं. "नको बईन," एवढंच म्हणाली. भ्याली असेल, तुळशीबाईला वाटलं.

दुपारी लोटन घाम पुसत लिंबाखाली पाणी प्यायला आला. तोंड उतरलेलं.

"काय व्हयनं रे भाऊ?"

"काय व्हई, मावशी? इतला बाजार लोटना, पन एक डोंगरवाला वर येत नही. सुईले भितस ना हाई लोके. ऊन वाढनं की लस बी वाया जाई."

तुळशीबाईला हसू फुटलं. तिच्या मांडीवर तेव्हा एका पोरीचा हात होता, मनगटापासून कोपरापर्यंत टोचलेला, आणि ती पोरगी खुदुखुदु हसत होती.

"हाई लोके सुईले भितस? देख देख! मंग तुन्ही सुई काय वाघना दातनी शे का?"

पोरी फिदीफिदी हसल्या. लोटनही लाजून हसला. तुळशीबाईने घोंगडी सरकवून जागा केली. "तुन्ही पेटी आठे लई ये. खुर्ची ऱ्हाऊ दे तठेच."

"जमिनवर बसू? साहेबले कळनं ते?"

"साहेबले सांगजो, खुर्चीले देवी टोची दिन्ही."

लोटनने मडक्याकडे पाहिलं, वर चढत्या उन्हाकडे पाहिलं, आणि पेटी उचलून आणली. ओट्याच्या पायऱ्या उतरताना त्याच्या कोटाला धूळ लागली, ती त्याने झटकली नाही.

मग मजा सुरू झाली. पहिली आली ती ठणठणीत तरणी पोर. दंड पुढे करून म्हणाली, "मोर काढ, भाऊ."

"मोर? माले मोर काढता येस नही."

"विंचू?"

"विंचू बी नही. याम्हा चित्र नही ऱ्हास, माय."

"मंग टोचस कसाले?" पोर उठलीच. मागच्या चारजणी तिच्याबरोबर उठल्या. फुकटचं दुखणं कोण घेणार?

तुळशीबाईने तिचा पदर धरला. "बस व! डाव्या हातवर यानी देवी, उजव्या हातवर मन्हा मोर. दोन्ही हात शृंगारूत तुन्हा."

हा सौदा पटला. पोर पुन्हा बसली. लोटनने सुई दिव्यावर धरली, गार होऊ दिली, लस टेकवली, दंड खरवडला. आणि जन्माची सवय ती! तुळशीबाईचा अंगठा आपसूक काजळात बुडाला आणि त्या ताज्या खुणेकडे निघाला.

"काळं नको लावू, मावशी!" लोटन असा ओरडला की ढोलवाल्याचा हात थबकला. "ते कोरंच ऱ्हाऊ दे!"

"कोरं? मंग दिसी कसं?"

"आठ दिनम्हा फुगी, खपली धरी, मंग जलमभर दिसी. तोपावत हात लावू नको."

"अरे देवा! म्हणजे तुन्हं गोंदण अंडं शे. उबवनं पडस!"

हसण्याची लाट लिंबाखालून बाजारभर गेली. कोंबडीवाल्याने ऐकलं, गुळवाल्याने ऐकलं, आणि काय अंडं घालतात ते बघायला सारा डोंगर लिंबाखाली लोटला. लेकरं भोकाड पसरत होती, आज्या दटावत होत्या, सोबतिणी हात धरत होत्या. तुळशीबाईच्या तोंडी आईचंच गाणं आलं, फक्त दुसरी ओळ आपली आपण बदलून आली:

सोस व माय सोस, सुई जाई सरीसन,
देवी उनी दारम्हा, जाई खूण देखीसन.

गर्दी पांगली तसा जेठ्या उरला. मंगळीबाईने आपण होऊन त्याला लोटनच्या पुढ्यात बसवलं आणि त्याचा दुसरा हात घट्ट धरला. जेठ्याने खारकेचा तुकडा फेकला, गाव गोळा होईल असा टाहो फोडला, आणि तुळशीबाईने उजव्या दंडावर बोटाने काजळाचा पुसून जाईल असा मोर काढताच तो गप्प होऊन त्या मोराला चाटायला निघाला.

लोटनने रिकाम्या नळ्या मडक्यात ठेवल्या. चेहरा कसा फुललेला.

"मावशी, तुन्हा गाणानी कमाल शे," तो म्हणाला. "भ्या निंघी गयं ना यासनं! मागल्या सालले तर इतला भ्यायनात, की कोनी उनंच नही."

तुळशीबाई सुया पुसत होती. तिने नजर वर केली. मंगळीबाई जेठ्याला कडेवर घेऊन उभी राहिली होती आणि ओट्याकडे बघत होती, जिथे एकटी खुर्ची अजून तशीच बसून होती. निघायला वळलेली ती पुन्हा फिरली. आवाज मऊच होता.

"भ्यायनूत नही, भाऊ. मागल्या सालले बी मी उनथू. याले कडवर लई दिन बुडे तोपावत त्या ओट्याखाले उभी व्हतू. 'वर ये' असं कोनी म्हननंच नही."