मी कापसाची अळी नाई

ऐक वं, मधात बोलू नको. मी गोडनिंबावरची, म्हणजे कढीपत्त्यावरची अळी. इंदूबाईच्या आंगणात तेलाच्या जुन्या पिप्यात गोडनिंब लावला होता, त्याच्याच पानावर जन्मली. लहानपणी दिसायची चिमणीच्या घाणीवानी, म्हणून चिमण्या खात नव्हत्या अन् इंदूबाई ते पान तोडत नव्हती. खाय, झोप, कात टाक, खाय. सुखात होती.

मंग मोठी झाली, हिरवीगार झाली. इंदूबाई पोह्यासाठी पानं तोडाले आली, तिले मी दिसली. तिनं असं झटकलं मले, का थेट चुलीसाठी रचलेल्या कापसाच्या वाळल्या पऱ्हाटीच्या ढिगावर.

तिथंच सारा घोटाळा झाला, बाई. तिची पोरगी पिंकी बोंबलली, "बाबा, पऱ्हाटीवर अळी हाय." आता या मुलखात अळी म्हटली का कापसाचीच. धर्मपाल चप्पल घेऊनच आला. "ठेच तिले. बोंडं पोखरते."

मी बोंडाचं तोंडबी पाह्यलं नाई वं.

"नाई बाबा, मी पोसतो हिले," पिंकी म्हणे, अन् मले बाटलीत टाकलं. जेवाले काय, तं कापसाचं पान. मी तोंड फिरवलं. तिनं अजून कवळं आणलं. "खाय न वं, आपल्या वावरातलं हाय." इकडं मायं पोट पाठीले लागलं, अन् हे मले वावराचं कौतुक सांगून राहिली. इचारावं न माणसानं, का बाई, तू कोणत्या झाडाची?

इंदूबाई म्हणे, "नखरे पाय हिचे. तुह्यावानीच हाय. तू भेंडी खात नाई, हे पान खात नाई."

शेवटी मले राग आला. पिंकीनं बोट लावलं तशी मी डोक्यातून दोन नारिंगी शिंगं काहाडली. सडल्या संत्र्यावानी वास सुटला. तिनं नाक धरलं अन् बाटली उघडी करून गोडनिंबापाशी ठेवून देल्ली. मी निंगाली, चढली, खायले लागली.

"आई, हे तं गोडनिंब खाते."

"खाईन नाई तं काय. तू तिले कापूस चारून राहिली होती."

झाड बोडकं झालं, एकच पानांची डांगी राह्यली. कोश बांधायच्या आधी मले तेवढी पाहिजेच होती. तं इंदूबाई कढीच्या फोडणीसाठी आली. पिंकी मधात उभी. "आई, हिले फुलपाखरू व्हायचं हाय."

"अन् मले कढी करायची हाय."

दोघी एकमेकीकडं पाहून राहिल्या. माह्याकडं कोणीच पाहत नव्हतं. मंग मीच खाऊन टाकली, देठासकट.

आता मी भिंतीवर कोश बांधून राहिली, अन् इंदूबाई खालून मले हावरट म्हणून राहिली. सांग, माह्या जागी तू असती तं काय केलं असतं?